भरलेल्या कार्बाइनचे वजन

साताऱ्यात थंडी उतरली, की लोक ट्रंकेतून स्वेटर काढतात. मी आधी हाताचे तळवे नाकाशी नेतो. बंदुकीच्या तेलाचा वास तिथे अजून आहे, असे माझे ठाम म्हणणे आहे. "तो तिळाच्या तेलाचा आहे. सकाळी गुडघ्यांना चोळलंत ना?" असे माझ्या पत्नीचे, मालतीचे, तितकेच ठाम म्हणणे आहे. हा वाद कित्येक हिवाळे चालला आहे आणि मी तो सोडणार नाही. पण यंदा त्याहून मोठा वाद अंगावर आला आहे.

तीन दिवसांपूर्वी सौदीतल्या दम्मामहून फैसलने मला एक छायाचित्र पाठवले. हातात मावेल एवढा सागाचा तुकडा, एक बाजू गालासारखी गोलसर, दोन स्क्रूंची भोके, आणि सपाट बाजूवर चाकूने कोरलेल्या दोन ओळी. खाली प्रश्न : "या अम्म, इथे काय लिहिलं आहे?" अम्म म्हणजे काका. मी तो संदेश वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि मला अंगभर अशी हुशारी आली, की मालतीने विचारले, "लॉटरी लागली का?" उत्तर मात्र मी अजून दिलेले नाही. त्या दोन ओळींचा अर्थ सांगायचा, तर तो मोसम सांगावा लागतो. आणि तो मोसम आजवर ज्याने ज्याने सांगितला, त्याने त्याने चुकीचा सांगितला आहे.

वाळवंटात ऋतू नसतात, ही पहिली चूक. असे म्हणणाऱ्यांनी तिथले उन्हाळे वातानुकूलित खोलीत आणि हिवाळे फोनवर काढलेले असतात. दम्मामचा हिवाळा दबक्या पावलांनी येतो. एके पहाटे आखाताकडून धुके येते आणि रस्त्यावरचे दिवे कापसात गुंडाळल्यासारखे दिसतात. लोखंडी दाराची कडी हाताला गार लागते. माणसे लोकरीच्या अस्तराचे झगे घालून चहाच्या टपरीवर उभी राहतात, वेलदोड्याची वाफ तोंडापुढे धरतात. एखादा पाऊस पडून गेला, की वाळूतून निघालेली बटाट्यासारखी दिसणारी फगा नावाची अळंबी रस्त्याच्या कडेला टोपल्यांतून विकायला येतात. त्यांना ओल्या मातीचा असा काही वास असतो, की मी एकदा नुसत्या वासासाठी अर्धा किलो घेतली होती. आणि आमच्या नेमबाजी क्लबात, शहराबाहेरच्या मातीच्या उंच बांधांमध्ये, पाच महिने मुकी असलेली रेंज पुन्हा बोलू लागते. त्या पहिल्या आवाजाने बांधावरची कबुतरे एकदम उडत, आणि माझ्या छातीतही काहीतरी त्यांच्याबरोबर उडे.

मी भारतीय लष्करात आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा, त्यांची नाडी पाहणारा. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि कोरेगाव तालुक्यातल्या माझ्या गावात सहा महिने बसून पाहिले, बसणे जमेना. मग दम्माम. त्या क्लबाची प्रत्येक बंदूक पुढे चौदा वर्षे माझ्या हाताखालून गेली. पण माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, धंदा लिहिला होता : सुतार. कफिलाकडे, म्हणजे मला बोलावणाऱ्या मालकाकडे, त्या वर्षी सुताराचा व्हिसा शिल्लक होता, एवढेच कारण. अशी माणसे तिथे हजारो होती. माझा खोलीतला सोबती इब्राहिम परकार हा दापोलीचा, रास तनुऱ्याच्या तेल कारखान्यात वेल्डिंग करणारा पट्टीचा कारागीर. कागदावर तो न्हावी होता. "हवालदार, मान पुढे करा, सरकारी हुकूम आहे," असे म्हणत तो शुक्रवारी माझ्या मागे कात्री घेऊन लागे.

मग सौदीकरणाचा जोर वाढला. तपासनीस येऊन इकाम्यावरचा धंदा आणि हातातले काम ताडून पाहू लागले. शस्त्रांची देखभाल स्थानिक माणसानेच करायची, असे क्लबाला कळवण्यात आले. मुदीर, म्हणजे आमचे व्यवस्थापक, अबू तलाल यांनी मला बोलावले, कॉफीचा इवलासा पेला, फिंजान, पुढे केला आणि म्हणाले, "निकम, हा मोसम तुझा. मोसम संपला की खलास. तोवर नव्या माणसाला तयार कर." मी फिंजान रिकामा केला, तो हलवला, म्हणजे पुरे. पण बाहेर येताना एक गोष्ट मनाशी पक्की केली : या मोसमात क्लब जो सर्वांत मोठा निर्णय घेईल, तो माझा असेल. जाताना मागे काहीतरी माझ्या निवडीचे राहिले पाहिजे.

नवा माणूस म्हणजे फैसल. अठ्ठावीस वर्षांचा, तांत्रिक विद्यालयाची पदविका घेतलेला, वडिलांचे ससाणे सांभाळत वाढलेला. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "सदीक, चाव्या कुठे आहेत?" सदीक म्हणजे मित्र, पण तिथे तो शब्द अनोळखी मजुराला हाक मारायला वापरतात. मी म्हटले, "माझं नाव हवालदार निकम. चाव्या माझ्या खिशात आहेत, आणि त्या नाव घेतल्याशिवाय बाहेर येत नाहीत." तो हसला नाही. चिडलाही नाही. "हवालदार निकम," त्याने सावकाश उच्चारले, जणू भाग तपासून जोडत होता. मला ते आवडले. पण मी तसे दाखवले नाही.

निर्णय होता तो कार्बाइनचा. खांद्याला लावायची, पण पिस्तुलाचे काडतूस खाणारी आखूड बंदूक. रियाधला मोसमाच्या अखेरीस स्पर्धा होती : धावत जायचे, थांबायचे, ओळीने लावलेल्या लक्ष्यांवर झटपट नेम धरायचे, नेम आणि सेकंद, दोन्ही मोजले जातात. आमच्या क्लबातून पहिल्यांदाच एक स्त्री त्यात उतरणार होती. नूफ. दम्मामच्या शाळेत गणित शिकवणारी, शरीराने बारीक, नजरेने धारदार. तिने परवानगीसाठी दोन वर्षे वाट पाहिली होती. "मला हलकी हवी," ती म्हणाली, "पण हलकी म्हणून माझ्यावर उपकार केल्यासारखी नको." विक्रेत्याने दहा दिवसांसाठी तीन नमुने आणून ठेवले. त्यांतला एकच ठेवून घ्यायचा, आणि त्यानेच रियाध गाठायचे. निवड चुकली, तर दुसरा परवाना येईपर्यंत मोसम संपलेला. नूफची दोन वर्षे मातीत.

तीन कार्बाइन मेजावर ओळीने ठेवल्या गेल्या, ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. खिडकीतून तिरके ऊन, तेलाचा पातळ थर, आणि माझ्या बोटांना सुटलेली कंड. पहिली फुलासारखी हलकी, बारीक नळीची. दुसरी मधल्या अंगाची, मॅगझीन, म्हणजे काडतुसांची डबी, मुठीच्या पुढे बसणारी. तिसरी सर्वांत आखूड, मॅगझीन थेट मुठीतच सरकणारी, दिसायला खुजी. अबू तलालांनी स्वयंपाकघरातून खजूर तोलायचा काटा मागवला. तिन्ही तोलल्या. "ही सर्वांत हलकी. खलास, झाली निवड!" पुढे क्लबाच्या भिंतीवर जी चौकट लागली, तिच्यात 'समितीने शास्त्रीय वजनमापनाने निवड केली' असे लिहिले आहे. ते शास्त्र म्हणजे हा खजुरांचा काटा, आणि त्या शास्त्राचा निकाल मी अर्ध्या तासात रद्द केला.

अंगाने हलकी असली, तरी त्या पहिलीचा बोल्ट, म्हणजे आतला सरकता पोलादी ठोकळा, जड होता. प्रत्येक गोळीला तो मागे आदळे, पुढे आदळे, आणि एवढ्याशा शरीराला तो धक्का झेपत नसे. मी नूफला पाच काडतुसे भराभर झाडायला सांगितले. कागदावर भोके शिडीसारखी वर चढत गेली. मी तो कागद अबू तलालांपुढे धरला. "काटा वजन सांगतो," मी म्हटले, "वागणूक सांगत नाही." ते म्हणाले, "सुतारा, तू वकील व्हायला हवं होतंस." मी म्हटले, "तो व्हिसा शिल्लक नव्हता."

उरल्या दोन. इथे मी माझी सगळी विद्या पणाला लावली. नूफला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला लावली, मग डोळे उघडायला. नेमाच्या काचेतला लाल ठिपका आपोआप डोळ्यासमोर आला पाहिजे. बंदूक एका बोटावर आडवी धरून तिचा तोल पाहिला. दुसरी, ती मधली, माझ्या तर्जनीवर अशी स्थिर राहिली, की हात हलवू नये असे वाटले. तिसरीचा तोल मागे झुकलेला. मग लष्करी रिवाजाप्रमाणे पाच-पाच काडतुसे. आमच्याकडे नेमबाजाची परीक्षा पाच गोळ्यांच्या पुंजक्यावर होते; मी आयुष्यभर पाचच्या पुंजक्यावरून माणूस आणि हत्यार ओळखत आलो. शिवाय क्लबात काडतुसांची कोठी वेगळी, कुलूप वेगळे, प्रत्येक काडतुसाची नोंद. तेव्हा पाच देणे सर्वांना सोयीचे. मधलीचा पुंजका फिंजानाच्या तोंडात मावला. आखूडचा त्याहून पसरट. मी जाहीर केले : मधली. माझ्या मनात पुढचा चित्रपटही तयार होता. नूफ रियाधला, हातात माझी निवड.

परकारभाई आता दापोलीला असतात आणि आखातातून परतलेल्यांच्या मेळाव्यात हा प्रसंग रंगवून सांगतात. त्यांच्या कथनात मी फैसलच्या अंगावर धावून जातो, तो मला कामावरून काढण्याची धमकी देतो, आणि मी इकामा त्याच्या तोंडावर फेकतो. गेल्या मेळाव्यात मी उठून उभा राहिलो. "परकारभाई, तुम्ही त्या दिवशी रास तनुऱ्याला टाकीत बसून वेल्डिंग करत होता."

"अरे हवालदार, पण गोष्टीत दम नको का?" ते म्हणाले, आणि सगळा मांडव हसला.

दम आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी आहे. निवडीच्या कागदावर सही लागत होती. माझी चालत नव्हती. सुताराची सही बंदुकीवर कोण मानणार? सही फैसलची. मी कागद पुढे सरकवला. त्याने पेन उघडले, थांबला, टोपण परत लावले.

"मी सही करणार नाही," तो म्हणाला.

"का?"

"तुम्ही हिला उपाशी तोललीत."

मला वाटले, भाषेत काही गोंधळ झाला. आम्ही हिंदी, अरबी आणि हातवारे यांच्या खिचडीत बोलत असू. पण त्याने मेजावर मूठ धरली, तिच्यावर ससाणा बसलाय अशी. "आमच्याकडे ससाण्याचं वजन रोज घेतात. उडवायचा तो भुकेला, म्हणून तोलायचाही भुकेला. हिला तुम्ही भरून उडवणार. तीस काडतुसं पोटात. मग रिकामी का तोललीत? काट्यावर रिकामी, बोटावर रिकामी. गोळीबार केलात तो पाच काडतुसांवर. तीस कधी भरलीत?"

अबू तलाल छताकडे पाहू लागले. तेवीस वर्षे लष्करात आणि चौदा वर्षे तिथे, एवढ्या काळात मला कुणी असे विचारले नव्हते. आणि त्याने विचारल्यावर मला जाणवले, की मीही स्वतःला कधी विचारले नव्हते. तीस काडतुसे म्हणजे पाव किलोच्या वर शिसे आणि पितळ. ते कुठे बसते, हे मी पाहिलेच नव्हते.

"तीस भरा," मी म्हटले. आवाज चढलेला होता. "दोन्हींत भरा. यल्ला, चला!"

कोठी उघडली. पाच कागद ओळीने लावले, डावीकडून उजवीकडे. प्रत्येकावर सहा गोळ्या. आधी मधली. नूफ पायांत अंतर घेऊन उभी राहिली, घंटा वाजली, आणि रेंज कडकडून उठली. रिकाम्या पितळी नळ्या उन्हात उडत होत्या. तीस गोळ्या संपल्या तेव्हा तिने डावा हात झटकला. मग आखूड. पुन्हा घंटा, पुन्हा तो कडकडाट. पण या वेळी त्याच्यात एक लय होती, शिवणयंत्रासारखी. मला ती कागद पाहण्याआधीच ऐकू आली. नळी एका कागदावरून दुसऱ्यावर जाऊन जिथल्या तिथे थांबत होती.

कागद आणायला मी स्वतः गेलो. हे महत्त्वाचे आहे, कारण चौकटीत लिहिले आहे की ते समितीने तपासले. वाळूत माझ्या पावलांखाली पितळ खुळखुळत होते. मधलीच्या पहिल्या कागदावर भोके खाली ओढलेली. दुसऱ्यावर उजव्या कडेला निसटलेली : भरलेले मॅगझीन मुठीच्या पुढे, नाक जड, एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर नेताना नळी पुढे निघून जाते आणि नूफचा बारीक हात तिला वेळेवर थांबवू शकत नाही. चौथ्या-पाचव्या कागदावर, मॅगझीन रिकामे होत आल्यावर, भोके सुरेख मधोमध. माझ्या पाच गोळ्यांच्या परीक्षेने मला नेमके तेच शेवटचे रूप दाखवले होते. आखूडचे पाचही कागद एकसारखे. तिचे वजन मुठीतच होते. भरली काय, रिकामी काय, नळीला त्याचा पत्ताच नव्हता.

मी ते कागद उन्हाकडे धरून उभा राहिलो. भोकांतून ऊन माझ्या सदऱ्यावर पडत होते. आणि खरे सांगतो, मला अपमान वाटायला हवा होता. पण मला पहिल्यांदा बोल्ट उघडून आत पाहिले त्या विशीतल्या दिवसासारखे वाटले. अरे, हे असे आहे तर! बासष्टाव्या वर्षी एखादी गोष्ट इतकी लख्ख कळावी! मी परत आलो आणि कागद फैसलपुढे ठेवले. "आखूड," मी म्हटले. "सही कर."

त्याने सही केली. मग टोपण लावत हळूच म्हणाला, "शुक्रन, या अम्म." आभार मानताना आलेला तो 'अम्म' सदीक आणि हवालदार यांच्या पलीकडचा होता.

एक अडचण उरली. आखूडचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, खाली होता. नूफने गाल टेकवला, की डोळा ठिपक्याच्या खाली राही आणि ती मान उचलून तरंगत नेम धरी. बाजारात तिच्या मापाचा भाग मिळेना. मी माझी लष्करी पेटी काढली. तिचे झाकण सागाचे, साताऱ्याच्या सुताराने केलेले. त्यातून एक तुकडा कापला आणि चार दिवस कोवळ्या उन्हात ओट्यावर बसून तासत राहिलो. नूफ येई, गाल टेकवी, म्हणे, "अजून थोडं." मी एक पापुद्रा काढी. "अजून." पुन्हा एक. लाकडाचा भुसा माझ्या मांडीवर, चहात, मिशीत. अबू तलाल जाता-जाता थांबले. "म्हणजे इकामा खरं बोलत होता तर, निकम!" चौथ्या दिवशी तिने डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली, उघडले आणि हसली. ठिपका तिथेच होता. बसवण्याआधी मी त्या तुकड्याच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जाणार नव्हती, दोन ओळी कोरल्या.

रियाधला आम्ही क्लबाच्या गाडीने गेलो. थंड वारा, दुतर्फा तंबू, दूरवर उंटांच्या रांगा. आमच्या आखातवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर कुणीतरी नूफला सुवर्णपदक मिळाल्याचे लिहिले आहे. साफ खोटे. ती पाचवी आली. पण एकही लक्ष्य तिने सोडले नाही, आणि शेवटच्या टप्प्यात ती धावत आली, थांबली आणि डावीकडून उजवीकडे कागद असे मोजत गेली, की शेजारच्या क्लबाचा प्रशिक्षक मला विचारू लागला, "ही कुठली बंदूक?" पाचवी! मला त्या पाचव्या क्रमांकाचा अजून अभिमान आहे. त्याला सोन्याचा मुलामा देणाऱ्यांचे मी आभार मानत नाही.

मोसम संपला. चाव्यांचा जुडगा मी फैसलच्या हातात एकेक नाव घेऊन दिला : कोत, म्हणजे शस्त्रांची खोली, तेलाचे कपाट, कानशींचा खण, काडतुसांची कोठी. "माझी नोकरी सौदी पोराने खाल्ली," असे परकारभाई सांगतात. कायद्याने गेली, हे खरे, आणि त्या कायद्याशी माझे भांडण आजही आहे. पण त्या माणसाशी नाही. जो सही करायला नकार देऊ शकतो, त्याच्या हाती कोत देऊन मी झोपू शकलो. विमानतळावर माझी बॅग त्याने उचलली. मी ती दोनदा ओढली, त्याने सोडली नाही.

यंदा नूफ नवी कार्बाइन घेत आहे. जुनीवरचा तुकडा नवीवर चढवायला फैसलने स्क्रू काढले आणि त्याला ती अक्षरे दिसली. छायाचित्र आल्यावर घरात सांगितले, तर माझा मुलगा पाहुण्यांसमोर म्हणाला, "आबांनीच निवडली होती ती बंदूक, अख्ख्या क्लबात कुणाला कळत नव्हतं तेव्हा." मी तिथल्या तिथे अडवले. म्हटले, मी चुकीची निवडली होती. योग्य ती फैसलने निवडली. पाहुणे म्हणाले, "काय हा विनय!" विनय? मला? सत्तरीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदाच कुणी माझ्यावर हा आरोप केला. मालती पदराआड हसत होती.

म्हणून हे सगळे लिहून काढले. चौकट खोटी, परकारभाई खोटे, सुवर्णपदक खोटे आणि माझा मुलगा सर्वांत खोटा, कारण त्याचे खोटे मला गोड लागते. पुरावा सागाच्या तुकड्यावर आहे, माझ्याच हाताने, त्याच थंडीत कोरलेला.

आत्ता बाहेर धुके उतरले आहे. मी फोन घेतला आणि फैसलला उत्तर लिहिले : "वरच्या ओळीत लिहिलं आहे, निवड फैसलची. खालच्या ओळीत, सुतारकाम निकमचं. नवी घेताना भरून तोललीस ना?"

उत्तर लगेच आले. काट्याचे छायाचित्र. तोच खजुरांचा काटा, त्यावर नवी कार्बाइन आणि तिच्याशेजारी तीस काडतुसे, मुठीएवढ्या ढिगात.